रेंजबाबा आणि काळा कापूस

फुलसावंगीच्या रस्त्यावरून आत वळलं की एक उघडी टेकडी लागते. टेकडीवर मारुतीचं देऊळ आहे, देवळाशेजारी कडुनिंब आहे आणि कडुनिंबाखाली मोबाईलची रेंज आहे. खालच्या गावात ती नाही. त्यामुळे या टेकडीवर दोन तऱ्हेची माणसं चढतात, देव हवा असणारी आणि रेंज हवी असणारी. दोघंही हात उंच करून आभाळाकडे बघत उभी राहतात, त्यामुळे कोण कशासाठी आलंय ते दुरून ओळखू येत नाही.

यंदा ऐन कापूस फुटायच्या दिवसांत त्या कडुनिंबाखाली एक बाबा येऊन बसले. पांढरा झब्बा, पांढरा फेटा, छातीपर्यंत पांढरी दाढी. आपलं नाव त्यांनी श्री सर्वलहरीनाथ असं सांगितलं होतं, पण ते उच्चारताना लोकांची जीभ अडखळायची. गावानं आपल्या सोयीसाठी त्यांचा रेंजबाबा करून टाकला. सुरुवातीला ते फक्त फोन घरात कोणत्या दिशेला ठेवावा एवढंच सांगत. मग गावातल्या नानाजींचा कापूस काळा झाला आणि बाबांचं भाग्य उजळलं.

निशिगंधा दुपारच्या एसटीनं फाट्यावर उतरली तेव्हा टेकडीवर अख्खं गाव लोटलेलं होतं. वेचणीला जाणाऱ्या तांड्यावरच्या बायाही होत्या, आणि सगळ्यात पुढे, बाबांच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून, तिचे वडील नानाजी बसले होते. निशिगंधा कळंबच्या शाळेत विज्ञान शिकवते. काल आईनं टेकडीवर येऊन तिला फोन केला होता, आणि तो जेमतेम दोन वाक्यांचा होता. "तुह्या बापाचा कापूस काया झाला. तू ये."

ती पिशवी खांद्यावर घेऊन गर्दीच्या कडेला उभी राहिली.

"बाळांनो," बाबा म्हणत होते, "डोळा हा मायेचा गुलाम आहे. डोळ्याला जे आवडतं तेच तो बघतो. पण कॅमेरा? कॅमेरा कोणाचा मिंधा नाही! वरून पांढरं ते आतून काय आहे, हे कॅमेऱ्याला कळतं. मला सांगा, गुलाबी बोंडअळी तुमच्यापैकी कोणाला बाहेरून दिसली होती?"

त्या गर्दीतल्या प्रत्येकानं कधी ना कधी चांगलं टपोरं बोंड फोडून आत वळवळणारी अळी पाहिली होती. बाहेरून सगळं हिरवंगार आणि आत सत्यानाश, हा अनुभव तिथं कोणाला नवा नव्हता. निशिगंधाच्या मनात आलं, माणूस हुशार आहे. दुखरी जागा बरोबर शोधली.

बाबांनी नानाजींच्या फोनवर गुंडाळलेलं रबर सोडलं. सायकलच्या ट्यूबचं कापलेलं चांगलं रुंद रबर होतं ते. मग त्यांनी फोन उंच धरून सगळीकडे फिरवला. पडद्यावर नानाजींच्या वावराचा फोटो होता. झाडांवर कोळशासारखी काळी बोंडं फुटली होती आणि पानं चक्क गुलाबी दिसत होती.

"पाहा! गुलाबी!" बाबा गरजले. "अळीची सावली पानापानात उतरली आहे."

"अरे बापा," कोणीतरी म्हणालं. तांड्यावरच्या लालीबाईनं पदर तोंडावर घेतला. ती वेचणीच्या बायांची पुढारीण, आणि तिनं घाबरायचं ठरवलं की साऱ्या बाया घाबरत.

बाबांनी फोनवर भगवा रुमाल टाकला, रुमालाखाली मुठीत फोन घट्ट धरला आणि डोळे मिटले. "ॐ लहरी लहरी, उलट लहरी सुलट कर, टॉवर के राजा, दृष्टी दे ताजा, खट्ट!"

रुमाल उडाला. फोटोतला कापूस पांढराशुभ्र होता आणि पानं हिरवी. टाळ्या पडल्या. एका म्हातारीनं तर फोनच्याच पाया पडून घेतलं.

"थांबा," बाबांनी हात वर केला. त्यांनी एक काळा गोफ काढला, फोनभोवती दोन वेढे घेऊन कचकचून बांधला. "यात दोन गाठी आहेत. एक वावराची, एक शिवाराची. घरी जाऊन देवापुढे सोडा. पांढरा राहिला तर सुटलात. पुन्हा काळा झाला तर आत शिरलेली वस्तू हट्टी आहे असं समजा. मग अमावस्येपर्यंत गावातल्या एकाही बोंडाला हात लावायचा नाही, आणि पहिली वेचणी सगळ्यांची, माझ्या मठात आणून टाकायची. वस्तू मी बघून घेतो."

नानाजींनी दोन्ही हातांनी फोन घेतला. एखादं तान्हं पोर दवाखान्यातून घरी न्यावं तसा छातीशी धरून ते टेकडी उतरू लागले. वाटेत त्यांना लेक दिसली.

"आलीस? बरं झालं. सांभाळून बोल, गाठी गरम आहेत अजून."

घरी बेबीताई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. नवरा आत शिरताना त्यांनी मान वर केली नाही. "झालं का पांढरं?"

"झालं. आता पाहू."

देवघरापुढे बसून नानाजींनी गोफ सोडला. फोटो उघडला. कापूस काळा होता.

"तिसऱ्यांदा," बेबीताई म्हणाल्या. "तो टेकडीवर पांढरा करते, अन् घरी येईपर्यंत हा काया होते. घराले काय डांबर लागलं का?"

"हट्टी आहे ते. बाबानं सांगतलंच होतं."

"हट्टी त तुमी आहा. आभाय पाहा, काय भरून येऊन राह्यलं."

निशिगंधानं बाहेर पाहिलं. दक्षिणेकडून ढग चढत होते. घरामागच्या वावरात कापूस पूर्ण फुटून लोंबत होता. असा फुटलेला कापूस पावसात भिजला की पिवळा पडतो, मातीत गळतो, उरलेल्याला कोणी हात लावत नाही. वेचायला एखाद-दोन दिवस होते फार तर. आणि वेचणारं कोणी नव्हतं. लालीबाईनं काल निरोप पाठवला होता की काळ्या वावरात शिरलं तर बोटं काळी पडतील, बाया येणार नाहीत.

"हे सुरू कधी झालं, बाबा?" निशिगंधानं विचारलं.

सीतादहीच्या दिवशी, नानाजी म्हणाले. पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादही करायची, बांधाजवळच्या झाडांना हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच बोंडाला हात घालायचा, ही त्यांच्या घरची रीत. आणि अलीकडची रीत अशी, की त्याचा एक फोटो काढून टेकडीवरून सगळ्या नातलगांना पाठवायचा. यंदा त्यांनी फोटो काढला आणि पाहतात तो काय, कापूस काळा, हळद निळी, आणि ते स्वतःही निळे.

"पुण्याले कपिलले पाठवला. म्हनलं पोरगं काही सांगन. त्यानं काय लिहावं? 'बाबा, एक नंबर!' सांग बरं, आपल्याच पोट्ट्याले कापूस काया झालेला एक नंबर वाटते."

"मलाही आला होता तो फोटो," निशिगंधा म्हणाली. "माझ्या फोनवर कापूस पांढरा आहे, बाबा. पाहा."

नानाजींनी तिच्या फोनकडे पाहिलंही नाही. "असनच. सावली शिवेबाहेर जात नाही. बाबानं सांगतलं."

निशिगंधानं आपला फोन पिशवीत टाकला. बचाव पक्का होता. बाहेरून तपासलं की दिसत नाही, आतून तपासलं की पुन्हा काळं. ज्याला कोणत्याच बाजूनं खोटं ठरवता येत नाही अशा गोष्टीची वर्गात ती मुलांना नेहमी चेष्टा करून दाखवायची. घरात, वडिलांसमोर, ती तितकी सोपी नव्हती.

"एक मात्र आहे," नानाजी जरा आवाज खाली आणून म्हणाले. "मिशा काय्या आल्या फोटोत. पाह्य. पंचविशीतला दिसून राह्यलो."

"अन् मले पाहा," बेबीताई म्हणाल्या, "माह्ये सारे केस पांढरे केले त्या मेल्यानं. म्हनून तुमाले करणी गोड लागून राह्यली."

निशिगंधानं हसू दाबलं आणि फोन मागितला. नानाजींनी आधी तिच्याकडून गाठी पुन्हा तशाच बांधण्याचं वचन घेतलं, मग दिला.

ती ओसरीवर बसली. फोटोकडे तिनं पाहिलंच नाही. तिनं फोटो बंद केला आणि फोनचा पहिला पडदा बघितला. तिथं कळंबच्या चिंतामणीचा फोटो होता. मागच्या वर्षी दर्शनाला आले असताना तिनंच तो लावून दिला होता. चिंतामणीचा शेंदूर गर्द निळा झालेला होता.

"आई, हे पाहा."

बेबीताईंनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. "अवो," त्या आतल्या दिशेनं ओरडल्या, "कापसाले करणी झाली म्हनता, मंग गणपतीले कोनं केली? त्याच्याबी वावरात शिरलं का कोनी?"

थोड्या वेळानं नानाजी दारात येऊन उभे राहिले. "देव रुसला असन," ते म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

निशिगंधानं कॅमेरा सुरू केला आणि चुलीजवळच्या दह्याच्या वाडग्यावर धरला. पडद्यावर काळं दही दिसलं. भिंतीच्या चुन्यावर धरला, भिंत काळी. चुलीतल्या कोळशावर धरला, कोळसा पांढरा. पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं, हिरव्याचं गुलाबी, शेंदरी रंगाचं निळं. प्रत्येक रंगाच्या जागी त्याचा बरोबर उलटा रंग येत होता, आणि नेमानं येत होता. करणी एवढी शिस्तीची नसते. शिस्त यंत्राला असते.

म्हणजे कापसाला काही झालं नव्हतं, फोटोलाही नाही. फोनचा पडदा रंग उलटे दाखवत होता. प्रश्न इतकाच उरला की तो सारखा उलटसुलट कशानं होतो.

तिनं वचन दिल्याप्रमाणे गोफ पुन्हा बांधायला घेतला. बाबांच्या दोन गाठी चांगल्या जाड होत्या. फोनच्या कडेला आवाज कमी-जास्त करायचं लांबट बटण असतं, त्याच्या एका टोकावर एक गाठ बसत होती आणि दुसऱ्या टोकावर दुसरी. तिनं ओढून बांधलं. हातातला फोन बारीक थरथरला आणि पडदा पांढरा झाला. तिनं सोडलं, पुन्हा बांधलं. थरथर झाली, पडदा काळा. मग गोफ बाजूला ठेवून तिनं नुसत्या बोटांनी बटणाची दोन्ही टोकं एकदम दाबून धरली, बाबांच्या मंत्राइतका वेळ. पांढरा. पुन्हा दाबली. काळा.

तिला मग आठवलं. हा फोन आधी कपिलचा होता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना पांढऱ्या पडद्यानं डोळे झोंबतात म्हणून त्यानं ही सोय लावून घेतली होती, दोन टोकं दाबली की रंग उलटे, पुन्हा दाबली की सरळ. नवा फोन घेतल्यावर जुना वडिलांना दिला, सोय तशीच राहिली. आणि नानाजी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर ट्यूबचं रबर दोनदा आवळत, कारण वावरात पाणी लागू नये, धूळ जाऊ नये. इकडच्या निम्म्या शेतकऱ्यांचे फोन असेच बांधलेले असतात. ते रबर बरोबर बटणावर बसायचं.

तिनं वडिलांना समोर बसवून सगळं दाखवलं. नानाजींनी एकदा तिनं दाबलेलं पाहिलं, एकदा स्वतः दाबलं.

"म्हणजे त्या बाबानं गाठी मुद्दाम..."

"हो."

"अन् रुमालाखाली..."

"बोटं."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "तू सांगतलं, मले पटलं. पण वावरात मी एकटा किती वेचन? लालीबाईले कसं पटवशीन? ती म्हनन, मास्तरीणबाईले फोनातलं सारं येते, तिनं केली असन काही कारागिरी."

हे खरं होतं. एका घराला पटून कापूस घरात येत नव्हता. आणि निशिगंधाला हेही दिसत होतं की तिनं टेकडीवर जाऊन व्याख्यान दिलं, तर लोक एका जाणत्याला सोडून दुसऱ्या जाणत्याच्या मागे लागतील, एवढाच फरक पडेल. दोघांच्याही हातात फोन, आणि लोकांच्या हातात फक्त टाळ्या.

"उद्या सकाळी चला," ती म्हणाली. "पडदा काळा ठेवून गाठी पुन्हा तशाच बांधते."

सकाळी टेकडीवर गर्दी होतीच. आभाळ आणखी खाली आलं होतं. बाबांनी नानाजींना पाहताच मान हलवली. "काळा झाला ना? मला ठाऊक होतं. वस्तू हट्टी आहे."

"महाराज, एक शंका होती," निशिगंधा म्हणाली.

"शंका!" बाबा हसले. "ताई, शंका आली की समजायचं, रेंज गेली."

लोक हसले. निशिगंधाही हसली. तिनं गोफ सोडला, कॅमेरा सुरू केला आणि फोन बाबांवर रोखून लालीबाईच्या हातात दिला. "मावशी, तुम्ही बघा. कॅमेरा कोणाचा मिंधा नाही म्हणतात. महाराज कसे दिसतात?"

लालीबाईनं पाहिलं. काळा फेटा, काळा झब्बा, काळी दाढी, निळं तोंड.

"ये याडी, माय वो!" ती मागे सरकली. "महाराजलेबी लागलं!"

फोन हातोहात फिरला. बाबा क्षणभर गडबडले, पण क्षणभरच. "बाळांनो," ते गहिवरल्या आवाजात म्हणाले, "तुमचं सगळ्यांचं दुःख मी अंगावर घेतलं आहे. ते दिसणारच."

एका म्हातारीचे डोळे भरून आले. गर्दी पुन्हा बाबांच्या बाजूला कलू लागली. माणूस खरंच हुशार आहे, निशिगंधाला पुन्हा वाटलं. तेवढ्यात बेबीताई पुढे आल्या, फोन घेतला, आधी देवळाकडे वळवला आणि मग स्वतःकडे.

"आता पाहा. देऊळ कायं, मारुती निळा. मारुतीनंबी घेतलं का अंगावर? अन् हे माह्ये पांढरे केस. आमचं दुःख तुमी घेतल्यानं माह्ये केस काहून पांढरे होऊन राह्यले?"

हसू फुटलं. गर्दीत बसलेले म्हातारे देवराव, ज्यांचं ऐकल्याशिवाय गाव उठत नाही, त्यांनी विचारलं, "मंग हाय तरी काय हे?"

"लालीबाई मावशी सांगतील," निशिगंधा म्हणाली. "मावशी, फोन असा देवळाकडे धरा. हे लांब बटण आहे ना, त्याची दोन टोकं अशी चिमटीत दाबून ठेवा. सोडू नका. आणि मंत्र म्हणा."

"मले मंतर येत नाही, बाई."

"मग तुमच्या शेळ्यांची नावं घ्या."

लालीबाईला हे जमण्यासारखं वाटलं. तिनं डोळे घट्ट मिटले, बटण दाबलं, आणि तांड्याच्या कडेला उभं राहून संध्याकाळी हाका मारते त्याच सुरात सुरू केलं, "कबरीऽ, चांदीऽ, मोठ्या कानाचीऽ..."

फोन थरथरला. तिनं डोळे उघडले. पडद्यावर देऊळ पांढरं होतं, मारुती शेंदरी होता.

"झालं!" ती ओरडली. "माह्यानं झालं! शेळीच्या नावानं झालं!"

मग कोणाला आवरणं शक्य नव्हतं. प्रत्येकीला करून पाहायचं होतं. एकीनं सासूचं नाव घेतलं, एकीनं काहीच न बोलता केलं आणि तरीही झालं. देवरावांनी फोन घेऊन पडदा काळा केला, पांढरा केला, पुन्हा काळा केला, आणि लहान मुलासारखे हसले. तोवर निशिगंधानं कपिलचा अभ्यास आणि नानाजींचं ट्यूबचं रबर यांची हकिगत सांगून टाकली, आणि गोफाच्या दोन गाठी बटणावर कशा बसतात तेही दाखवलं. दोन-तीन जणांनी मुकाट्यानं आपल्या फोनवरची रबरं काढली.

"पण हे कायमचं बंद नाही का होत?" देवरावांनी विचारलं. "नाईतर हा पुन्हा रबर बांधन अन् पुन्हा सीतादहीत बोंब."

"होतं की. सेटिंगमध्ये आहे." निशिगंधानं फोन घेतला आणि शोधू लागली. तिचा स्वतःचा फोन दुसऱ्या बनावटीचा होता, तिथली मांडणी वेगळी. 'डिस्प्ले' उघडून पाहिलं, नाही. मागे आली. आवाजाच्या भागात पाहिलं, तिथंही नाही. लोक माना उंचावून बघत होते. ती पुन्हा 'डिस्प्ले'त शिरली.

"तिथं नाही हो, ताई," एक कंटाळलेला आवाज आला. "खाली घ्या. अजून खाली. 'सुलभता' आहे बघा, त्यात. आता 'रंग' दाबा, आणि शॉर्टकटची खूण काढून टाका. नुसती वरची काढली तर बटणानं पुन्हा लागतं."

निशिगंधानं सांगितलं तसं केलं. बटणाची दोन्ही टोकं दाबून पाहिली. काही झालं नाही. अगदी बरोबर सांगितलं होतं.

मग तिनं मान वर केली. सगळे रेंजबाबांकडे बघत होते. रेंजबाबांचं बोट अजून फोनच्या दिशेनं पुढे झालेलं होतं.

"महाराज," देवराव सावकाश म्हणाले, "वस्तूचा पत्ता तुमाले बरा पाठ हाय."

बाबांनी बोट मागे घेतलं. दाढीखाली काहीतरी पुटपुटले. कुठल्याशा बाजारात पूर्वी मोबाईलचं छोटं दुकान होतं, गिऱ्हाईक रोज हेच विचारायचं, चुकीच्या ठिकाणी शोधताना पाहिलं की राहवत नाही, असं काहीसं ते होतं.

कोणी त्यांच्या अंगावर धावलं नाही. इतकं हसून झाल्यावर राग यायला जागा उरत नाही. नानाजी पुढे झाले आणि पुन्हा त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"महाराज, आता खरं सांगा. याचा आवाज कमी येऊन राह्यला. तेबी करणीच का?"

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. मग झब्ब्याच्या खिशातून टाचणी काढली, फोनच्या खालच्या बारीक भोकांतली धूळ अलगद उकरली, फुंकर मारली आणि फोन परत दिला. नानाजींनी गाणं लावलं. खणखणीत.

"पाहा," बेबीताई म्हणाल्या, "हात चांगला हाय मानसाचा. खोटं कायले बोलला असन?"

त्या प्रश्नाचं उत्तर निशिगंधाला ठाऊक होतं. दुरुस्ती सांगून टाकली की माणूस धन्यवाद म्हणून घरी जातो. तीच दुरुस्ती रुमालाखाली झाकली की माणूस पुन्हा येतो, वाकून येतो, आणि पहिली वेचणी घेऊन येतो. बाबांचा भगवा रुमाल तिनं उचलला, घडी केली आणि त्यांच्या हातात दिला.

"चला गं," लालीबाईनं पदर खोचला. "आभाय खाली येऊन राह्यलं. बोटं काय्यी झाली त शेळ्या हायेतच."

दुपार व्हायच्या आत बाया वावरात पसरल्या. कमरेला लुगड्याच्या झोळ्या बांधून, दोन्ही हातांनी, एकमेकींना शेळ्यांची नावं घेऊन चिडवत त्या ओळीनं वेचत गेल्या. निशिगंधाही वेचत होती. तिची बोटं बोंडांच्या काट्यांनी ओरखडली, पण काळी झाली नाहीत. नानाजी आणि देवराव गाठोडी घरात नेऊन टाकत होते. दिवस कलता कलता शेवटची ओळ संपत आली आणि पहिला मोठा थेंब बांधावर पडला. सगळा कापूस काही आला नाही. कोपऱ्यातला थोडा राहिला आणि भिजला. घरात आला तो आतल्या खोलीत छतापर्यंत लागला, आणि त्या अंधाऱ्या खोलीत तो इतका पांढरा होता की दिवा लावायची गरज वाटेना.

पाऊस थांबेपर्यंत बाया ओसरीवर चहा घेत बसल्या. लालीबाईनं विचारलं, "मास्तरीणबाई, पुन्हा असा कोनी आला त आमी काय करावं? दर बारीले तू त येशीन नाही."

निशिगंधानं कप खाली ठेवला. "मी यायची गरजच नाही, मावशी. तो जे दाखवेल ते आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघायचं. कापूस काळा दिसला तर दहीही बघायचं, देवही बघायचा, तोही बघायचा. आणि त्याला एवढंच म्हणायचं, की महाराज, आता माझ्या हातात द्या, मी करते. खरी विद्या असेल तर माणूस देतो, शिकवतो. रुमाल टाकला तर समजायचं."

"अन् दिलं तर?"

"मग शिकून घ्यायची."

लालीबाईनं मान हलवली आणि चहात पुन्हा फुंकर मारली.

नानाजी मघापासून खांबाला टेकून फोन बघत होते. आता ते लेकीजवळ सरकले आणि आवाज अगदी खाली आणला.

"ते बंद केलंस ते बरं केलंस. पण तो सीतादहीचा फोटो... त्यातल्या मिशा आता पांढऱ्या दिसून राह्यल्या."

"त्या पांढऱ्याच होत्या, बाबा."

"तुह्या फोनवरबी?"

"माझ्याही. कपिलच्याही. पुण्यातसुद्धा."

नानाजींनी एक उसासा सोडला. मग भिंतीवरच्या आरशात डोकावून पाहिलं, मिशीला दोन्ही बाजूंनी पीळ दिला आणि फोन पिशवीत घातला. ट्यूबचं रबर हातात घेतलं, जरा विचार केला, आणि बटणाची जागा सोडून, खालच्या बाजूला, सैल बांधलं.